रात्री दोनचं मीटर: ऑफिसच्या इमारतीतली शाश्वतता पैशांत कशी मांडावी

इमारतीचे मालक मला पहिल्यांदा भेटतात तेव्हा त्यांच्या हातात बहुधा सौर पॅनेलचं कोटेशन असतं, नाहीतर ग्रीन रेटिंग मिळवून देणाऱ्या सल्लागाराचा प्रस्ताव. मी दोन्ही कागद बाजूला ठेवायला सांगते आणि दोन गोष्टी मागते: मागच्या छत्तीस महिन्यांची वीज-पाण्याची बिलं, आणि चालू भाडेकरारांच्या प्रती. बिलं तासाभरात मिळतात. करार शोधायला आठवडा जातो, आणि पैशाचं उत्तर बहुतेक वेळा त्या करारांतच दडलेलं असतं.

मी तेवीस वर्षं ऑफिसच्या इमारती चालवते आहे. सुरुवात तळघरातल्या प्लांट रूममध्ये झाली. दर तासाला चिलरचे (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) दाब आणि तापमानं लॉगबुकात उतरवणं हे माझं काम होतं. रात्रपाळीत तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली: इमारतीत जे वाया जातं ते डोळ्यांना दिसत नाही. रिकाम्या मजल्यावर हवा ढकलणारा एएचयू (थंड हवा मजल्यांवर पोहोचवणारं यंत्र), कोणी बसलेलं नसताना थंड होणाऱ्या मीटिंग रूम, टाकीच्या ओव्हरफ्लोमधून गटारात जाणारं पाणी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार जगातल्या अंतिम ऊर्जावापरापैकी सुमारे ३० टक्के वापर इमारती चालवण्यात होतो, आणि ऊर्जेतून होणाऱ्या उत्सर्जनात त्यांचा वाटा २६ टक्के आहे. त्या ढिगात माझ्या हाताखालच्या इमारतीही आहेत, हे मी विसरू शकत नाही. पण मालकाच्या टेबलावर मंजुरी मिळते ती हिशेबाला. तो हिशेब कसा मांडायचा, कोणत्या क्रमाने कामं काढायची आणि कुठे फसायला होतं, एवढंच इथे सांगते.

आधी रिकामी इमारत बघा

पहिलं काम रविवारी रात्री दोन वाजता करायचं. सुरक्षा रक्षकाला सोबत घ्या, वही घ्या आणि मुख्य पॅनेलवरचं मीटर वाचा. मग वरच्या मजल्यापासून खाली चालत या. कोणता एएचयू सुरू आहे, कोणत्या मजल्यावर दिवे आहेत, पार्किंगचे एक्झॉस्ट पंखे का फिरत आहेत, सर्व्हर रूमच्या बाहेरही थंडी का वाजते आहे, हे सगळं लिहून काढा. हाच फेरफटका बुधवारी दुपारी तीनला पुन्हा मारा. दोन्ही वेळचा भार किलोवॉटमध्ये शेजारी शेजारी मांडा.

रिकाम्या इमारतीचा भार दुपारच्या भाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त निघाला, तर मी बाकी सगळे प्रस्ताव थांबवते. एका इमारतीत तो जवळपास निम्मा निघाला होता. गच्चीवर नवी कोरी सौर पॅनेलं होती, लॉबीत त्यांची माहिती देणारा स्क्रीन होता, आणि खाली सहा मजल्यांचे एएचयू शनिवार-रविवार अखंड चालत होते. कारण साधं होतं. दोन वर्षांपूर्वी एका भाडेकरूने सुट्टीच्या दिवशी काम असल्याचं कळवलं होतं, तेव्हा बीएमएसवरचं (इमारतीची यंत्रं चालवणाऱ्या संगणकप्रणालीवरचं) वेळापत्रक ऑपरेटरने ‘मॅन्युअल’वर टाकलं. ते परत ‘ऑटो’वर कोणी आणलंच नाही. त्या ऑपरेटरला मी दोष दिला नाही. ते परत करायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ‘गरम होतंय’ असा फोन आला की शिव्या त्यालाच खाव्या लागत होत्या. आम्ही एक छापील तक्ता केला: कोणी वेळ वाढवून मागितली, किती तासांसाठी, पूर्ववत कधी झालं, सही. त्या तक्त्याला कागदापलीकडे काही खर्च आला नाही.

वीज कंपनीकडून दर १५ किंवा ३० मिनिटांचा लोड डेटा मिळत असेल तर तो मागून घ्या. महिन्याच्या बिलात रात्र आणि दिवस एकत्र मिसळलेले असतात, या डेटात ते वेगळे होतात. सकाळचा सुळकाही त्यातच दिसतो. सगळी यंत्रं आठच्या ठोक्याला एकदम सुरू झाली की कमाल मागणी (एका वेळी ओढलेली सर्वांत जास्त वीज) वर जाते, आणि अनेक ठिकाणी बिलाचा एक मोठा भाग त्या एका सुळक्यावरच ठरतो. यंत्रं दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू केली की सुळका बसतो. यात युनिट फारसे वाचत नाहीत, पैसे वाचतात. दोन्ही वेगळे लिहायची सवय ठेवा, नाहीतर पुढे उत्सर्जनाचा हिशेब चुकतो.

त्यानंतर एक आकडा काढा: वर्षभराचे एकूण युनिट भागिले वापरातलं क्षेत्रफळ. प्रति चौरस मीटर प्रति वर्ष किती किलोवॉट-तास, ते कळेल. त्याच्या शेजारी त्या वर्षी किती मजले भरलेले होते हेही लिहा. दोन मजले रिकामे पडल्याने बिल कमी आलं आणि ती बचत म्हणून सादर झाली, असं मी एकाहून अधिक बैठकांत पाहिलं आहे.

वाचलेला पैसा कोणाच्या खिशात जातो

बहुतेक प्रस्ताव इथेच मरतात, म्हणून इथे जास्त वेळ घालवा.

उत्पन्न देणाऱ्या इमारतीची किंमत साधारणपणे वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाला कॅप रेटने (किमतीवर वर्षाला अपेक्षित परताव्याच्या टक्केवारीने) भागून काढतात. कॅप रेट ८ टक्के धरला आणि इमारत चालवण्याचा खर्च वर्षाला १ लाखाने कमी झाला, तर कागदावर इमारतीची किंमत १२.५ लाखांनी वाढते. हा गुणाकार ऐकला की मालक खुर्चीत पुढे सरकतात. पण त्याला एक अट आहे: तो १ लाख मालकाच्या खात्यात राहायला हवा.

तो राहतो का, हे करार सांगतो. भाड्यातच वीज धरलेली असेल तर बचत सरळ मालकाची. भाडेकरू स्वतःचं बिल भरत असेल आणि सामाईक खर्च मेंटेनन्समधून जशाच्या तसा वसूल होत असेल, तर नव्या चिलरचा खर्च मालकाचा आणि बिलातली घट भाडेकरूची. अशा इमारतीत मालक जुनं यंत्र घासत राहतो आणि भाडेकरू बिल भरत राहतो. दोघांचंही वागणं आपापल्या जागी शहाणपणाचं, आणि इमारत मात्र तशीच गळत राहते.

यावर एक चांगला तोडगा न्यूयॉर्क शहरात २०११ मध्ये पुढे आला. करारात घालायचं ते एक कलम होतं. इंजिनिअर अंदाज देतो की अमुक कामातून वर्षाला १० लाख वाचतील. मालक त्यातले ८० टक्के, म्हणजे ८ लाख, दर वर्षी भाडेकरूंकडून वसूल करतो, खर्च भरून येईपर्यंत. उरलेले २० टक्के भाडेकरूला पहिल्या वर्षापासून मिळतात, आणि अंदाज थोडा चुकला तरी त्याला झळ बसत नाही. परतफेड थोडी लांबते, पण काम होतं. आकडे तुमच्या वाटाघाटीप्रमाणे बदला, रचना मात्र हीच ठेवा. सोबत आणखी दोन ओळी करारात घालाच: भाडेकरू आपल्या मजल्याचा वीजवापर दर महिन्याला कळवेल, आणि अंतर्गत सजावट करताना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वॉटचे दिवे लावणार नाही. करार झाल्यावर या गोष्टी मागायला गेलं तर कोणी दारात उभं करत नाही.

सबमीटर (प्रत्येक मजल्याचे वेगळे मीटर) नसतील तर ते आधी बसवा. मजल्याप्रमाणे मोजमाप नसताना बिल क्षेत्रफळानुसार वाटलं जातं, आणि काटकसर करणारा भाडेकरू उधळ्या भाडेकरूचं बिल भरतो. हे त्याला कळलं की तो पुढच्या वर्षी काटकसर सोडून देतो.

कामांचा क्रम

माझा क्रम ठरलेला आहे. आधी वेळापत्रक, मग सेट पॉइंट (यंत्रांना ठरवून दिलेली तापमानं), मग साफसफाई आणि दुरुस्ती, मग कंट्रोल, मग यंत्रं. सौर त्यानंतर. प्रमाणपत्र सर्वांत शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, कारण शेवटच्या दोन गोष्टींचा फोटो काढता येतो.

हा क्रम कशासाठी, ते एका प्रसिद्ध इमारतीवरून चांगलं कळतं. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं ऊर्जा-नूतनीकरण २००९ मध्ये जाहीर झालं. तिथे ६,५१४ खिडक्या होत्या. त्या फेकून न देता जुन्याच काचा काढून, मध्ये पातळ फिल्म आणि वायू भरून, इमारतीतच उभारलेल्या छोट्या कार्यशाळेत पुन्हा बनवल्या. रेडिएटरच्या मागे इन्सुलेशन घातलं, दिवे आणि कंट्रोल सुधारले. इमारतीचा थंडाव्याचा भार त्यामुळे इतका उतरला की मोठे नवे चिलर घ्यायची गरज संपली आणि आहेत तेच दुरुस्त करून भागलं. ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी आणि खर्च वर्षाला सुमारे ४४ लाख डॉलरने कमी होईल असा तेव्हाचा अंदाज होता. मला यातली खिडकीची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. खिडकीचा खर्च नुसत्या खिडकीच्या बचतीतून फिटायला फार वर्षं लागली असती. न घेतलेल्या चिलरचा पैसा त्या हिशेबात धरला तेव्हा गणित जमलं. म्हणून कामं एकेकटी तपासू नका, एकत्र मांडा.

पंख्यांपासून सुरुवात केली तर निकाल लवकर दिसतो. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला की ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे साधारण ५१ टक्के वीज लागते. एएचयूवर व्हीएफडी (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) असूनही तो कायम ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर, अडकवून ठेवलेला असतो, हे मी इतक्या इमारतींत पाहिलं आहे की प्लांट रूममध्ये शिरताना माझी नजर आधी त्या डिस्प्लेवर जाते. व्हीएफडीचे पैसे खर्च झालेले असतात, वेग कमी करायची परवानगी मात्र कोणी दिलेली नसते.

सेट पॉइंटबाबत माझी एक चूक सांगते. चिलरच्या पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवलं की चिलरची वीज साधारण २ ते ३ टक्के कमी लागते, हे मला ठाऊक होतं. एका दमट महिन्यात मी ते एकदम तीन अंशांनी वाढवलं. खोल्यांचं तापमान व्यवस्थित राहिलं, पण हवा थंड करणारी कॉइल पुरेशी थंड नसल्याने हवेतला ओलावा निघेना. दहा दिवसांत एका मजल्यावर फॉल्स सीलिंगला डाग आले, गालिच्याला वास येऊ लागला. बचत किती झाली हे कोणी विचारलंच नाही, आणि त्या भाडेकरूचा विश्वास परत मिळवायला वर्ष गेलं. तेव्हापासून मी एका वेळी अर्धा अंश बदलते, सोबत आर्द्रता मोजते आणि तक्रारींची वही रोज वाचते. लोकांना अस्वस्थ करून वाचवलेली वीज टिकत नाही. पहिल्या तक्रारीला ऑपरेटर सगळं पूर्ववत करतो.

पाण्याकडे बहुतेकांचं लक्ष नळांपुरतं असतं. पाण्याने थंड होणारा चिलर असेल तर कुलिंग टॉवर (त्याची उष्णता पाण्यातून बाहेर टाकणारा मनोरा) बघा. बाष्पीभवनाने जाणारं पाणी जाणारच, ब्लोडाउन (साचलेले क्षार काढायला सोडून दिलेलं पाणी) मात्र आपल्या हातात असतं. टॉवरमधल्या क्षारांची सायकल (टॉवरमधलं पाणी भरलेल्या पाण्याच्या किती पट खारं होऊ द्यायचं ते प्रमाण) ३ वरून ६ वर नेली तर भरावं लागणारं पाणी सुमारे २० टक्क्यांनी घटतं. पाण्याची प्रत आणि केमिकल ट्रीटमेंट तेवढी झेपणारी हवी, त्यामुळे ट्रीटमेंटवाल्याला सोबत घेऊनच करा.

यंत्र बदलण्याची वेळ यंत्राच्या वयावरून ठरवा. पाच वर्षं जुना, बरा चालणारा चिलर केवळ कार्यक्षमतेसाठी काढणं मला पटत नाही. त्याच्या पोलादात आणि तांब्यात आधीच बरंच उत्सर्जन खर्च झालेलं असतं. वीस-बावीस वर्षांचा असेल तर प्रश्न बदलतो: तो बदलायचाच आहे, मग साध्या आणि चांगल्या यंत्राच्या किमतीतला फरक किती वर्षांत फिटतो? तो फरक बहुतेकदा लवकर फिटतो. परतफेडीचा काळ पूर्ण किमतीवर काढायचा की फरकावर, एवढ्या एका गोष्टीवर मी अडलेले प्रस्ताव सुटताना पाहिले आहेत.

भाडेकरूचा प्रश्नसंच

मोठे भाडेकरू आता जागा बघायला येताना प्रश्नसंच घेऊन येतात. मागच्या वर्षाचा वीजवापर, कचऱ्याचं वर्गीकरण, रेफ्रिजरंट (यंत्रातला थंडावा देणारा वायू) कोणता, ताजी हवा किती. त्यांना हे कुतूहलापोटी नको असतं. उत्सर्जन मोजण्याच्या ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या नियमावलीच्या स्कोप ३ मध्ये (कंपनीच्या साखळीतलं अप्रत्यक्ष उत्सर्जन) भाड्याच्या मालमत्तेसाठी वेगळे रकाने आहेत, आणि आयएफआरएस एस२ हे हवामानविषयक माहिती जाहीर करण्याचं मानक जून २०२३ मध्ये आलं. त्यांना आपल्या अहवालात आकडा भरायचा असतो, आणि तो तुमच्याकडेच असतो. जो मालक छत्तीस महिन्यांचा तक्ता दोन दिवसांत पाठवतो, त्याची इमारत यादीत राहते. मी हे एका इमारतीत उलट्या बाजूने अनुभवलं. भाडं कमी होतं, जागा चांगली होती, आणि आकडे द्यायला आम्हाला सात आठवडे लागले. तोवर त्यांनी दुसरीकडे सही केली होती.

भाडेकरूशी बोलताना विजेच्या बचतीवर फार भर देऊ नका. जेएलएल या मालमत्ता-सल्लागार कंपनीचा ३-३०-३०० हा ठोकताळा इथे कामी येतो: एका चौरस फुटामागे वर्षाला वीज-पाण्यावर ३, भाड्यावर ३० आणि माणसांच्या पगारावर ३००, असं ढोबळ प्रमाण. पगारातला १ टक्का म्हणजे वीज-पाण्याचं अख्खं बिल. म्हणून त्यांना ताज्या हवेचा वेग दाखवा, दुपारी चार वाजताचं कार्बन डायऑक्साइडचं रीडिंग दाखवा, प्रकाश आणि आवाज मोजून दाखवा. हार्वर्डच्या संशोधकांच्या २०१५ च्या प्रयोगात चांगल्या हवेच्या दिवशी लोकांचे विचारक्षमतेचे गुण बरेच वर गेले होते. पण त्यात माणसं फक्त २४ होती, म्हणून मी त्यावरून कोणाला टक्केवारीचं वचन देत नाही. मोजलेली हवा समोर ठेवते, तेवढं पुरतं.

कायदा, बँक आणि खरेदीदार

जिथे नियम आले आहेत तिथे हिशेब वेगळाच होतो. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२३ पासून १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या ऑफिसला किमान सी ऊर्जा-लेबल लागतं, नाहीतर ते ऑफिस म्हणून वापरता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये किमान ई ऊर्जा-दर्जाचा नियम २०१८ मध्ये नव्या करारांना लागू झाला आणि एप्रिल २०२३ पासून चालू व्यावसायिक करारांनाही. न्यूयॉर्कच्या २०१९ च्या लोकल लॉ ९७ मध्ये २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना २०२४ पासून उत्सर्जनाची मर्यादा आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड. २०३० मध्ये ती मर्यादा आणखी आवळली जाईल. तुमच्या ठिकाणी असा नियम नसला तरी कोणत्या दिशेने वारं वाहतंय ते यातून दिसतं, आणि इमारत तर पुढची चाळीस वर्षं उभी राहणार असते.

खरेदीदाराचा तांत्रिक सल्लागार आला की तो थेट प्लांट रूममध्ये जातो. एका व्यवहारात मी विकणाऱ्याच्या बाजूने उभी होते. खरेदीदाराच्या सल्लागाराने यंत्रावरच्या पाटीवरून रेफ्रिजरंटचं नाव लिहून घेतलं आणि गळतीची नोंद मागितली. ती नव्हती. एसी यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या आर-४१०ए वायूचा हवा तापवण्याचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट आहे. १० किलो गळला तर सुमारे २१ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं उत्सर्जन होतं, आणि किगाली या आंतरराष्ट्रीय कराराखाली हे वायू टप्प्याटप्प्याने कमी केले जात आहेत. त्याने यंत्र बदलण्याचा पूर्ण खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा करून मागितला. आमच्याकडे नोंदच नव्हती, त्यामुळे बोलायला काही उरलं नाही. रेफ्रिजरंटचा प्रत्येक सिलिंडर, तारीख आणि वजन लिहून ठेवायला दिवसाला पाच मिनिटं लागतात.

बँकांकडे आता अशी कर्जं आहेत ज्यांचा व्याजदर ठरलेलं ऊर्जा-लक्ष्य गाठलं तर थोडा उतरतो आणि चुकलं तर चढतो. लक्ष्य मान्य करण्याआधी आपला आधारवर्ष कोणता धरला आहे ते तपासा. अर्धी इमारत रिकामी असतानाचं वर्ष आधार धरलं तर भाडेकरू आल्या आल्या तुम्ही लक्ष्य चुकता.

प्रमाणपत्राविषयी माझं मत: ब्रीअॅम हे ब्रिटिश ग्रीन प्रमाणपत्र १९९० मध्ये आलं, अमेरिकेचं लीड १९९८ मध्ये, आणि दोघांनी बांधकामाला एक सामाईक भाषा दिली, ते काम मोठं आहे. पण कागदावरचं डिझाइन आणि चालू इमारत यांत अंतर पडतं. ऑस्ट्रेलियाच्या नेबर्स या रेटिंगची पद्धत मला जास्त भावते, कारण तिथे ऑफिसला तारे प्रत्यक्ष बारा महिन्यांच्या बिलांवरून मिळतात आणि ते दर वर्षी टिकवावे लागतात. मोठी ऑफिसं विकताना किंवा भाड्याने देताना ते जाहीर करणं तिथे २०१० पासून बंधनकारक आहे.

सुरुवात करायची असेल तर आज एक तक्ता आखा. उभ्या रकान्यात प्रत्येक भाडेकरार आणि तो संपण्याचा महिना. त्याच्या शेजारी त्या मजल्याला हवा देणाऱ्या यंत्राचं वय, सबमीटर आहे की नाही, आणि वीज कोण भरतं. जिथे करार संपण्याचा महिना आणि यंत्राचं आयुष्य संपण्याचं वर्ष जवळ येतात, तिथे लाल खूण करा. त्या खुणेच्या अठरा महिने आधी भाडेकरूला भेटा: यंत्र, सबमीटर, बचतीच्या वाटणीचं कलम आणि नवा करार, सगळं एकाच बैठकीत. तोवर रविवारी रात्रीचं मीटर दर महिन्याला एकदा वाचत राहा आणि तो आकडा तक्त्याच्या डोक्यावर लिहा.